रुंद टायर टाकले तरी पुढची बाहेरची कड का खाते? ट्रॅकसाठी चाक-टायरचं माप ठरवताना

तक्रार दरवेळी एकच असते. गाडी जळगावची असो, धुळ्याची नाहीतर भुसावळची, पुढच्या चाकांना कंपनीपेक्षा एक-दोन मापं रुंद टायर टाकलेले असतात. ट्रॅकवर पहिल्या दोन फेऱ्या झकास जातात. मग गाडी वळणात बाहेर सरकायला लागते, स्टेअरिंग जास्त फिरवावं लागतं, पूर्ण वळवलं की आतून घासल्याचा आवाज येतो. घरी येऊन चाक काढलं की टायरची बाहेरची कड खाल्लेली आणि मधली-आतली नक्षी जवळपास नवी. पुढच्या वेळी आणखी रुंद टायर येतात आणि पुन्हा तेच होतं. धुळ्याच्या एका मित्राने त्याच्या अहिराणीत एका ओळीत सांगितलं होतं, "टायर त भारी से भाऊ, पन गाडी वयत नही." म्हणजे टायर भारी आहे, पण गाडी वळत नाही.

यात टायर वाईट नसतो. रुंदी ही मापातली सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आपण ती सगळ्यात आधी ठरवून मोकळे होतो आणि रिमची रुंदी, एकूण व्यास, ईटी (चाक किती आत-बाहेर बसतं त्याचा आकडा), कॅम्बर (चाकाचा उभा कल), हवा हे सगळं तिच्यामागे फरफटत जातं. या पाचांतलं एक जरी जुळलं नाही, तरी वाढवलेले १०-२० मिलिमीटर नुसते दिसायला राहतात.

आधी टायर वाचा

नवीन काही घेण्याआधी आहे तो टायर काय सांगतो ते बघायचं. नक्षी संपून टायरची बाजू सुरू होते तिथे बऱ्याच टायरांवर एक छोटा त्रिकोण किंवा बाण असतो. ट्रॅकवर उतरण्याआधी त्या जागी नक्षीपासून खाली बाजूपर्यंत खडूची सरळ रेघ मारा. एका टायरवर तीन ठिकाणी मारली की पुरे. दोन-तीन जोरकस फेऱ्यांनंतर आत या आणि रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते पाहा. त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसली असेल तर टायर नीट काम करतोय. टोकाच्या बऱ्याच अलीकडे थांबली असेल तर हवा जास्त आहे. टोक ओलांडून खाली अक्षरांकडे गेली असेल तर टायर रिमवर लोळतोय. त्याला कारणं तीन: हवा कमी, कॅम्बर अपुरा किंवा रिम टायरच्या मानाने अरुंद.

त्या धुळ्याच्या गाडीवर रेघ थेट अक्षरांपर्यंत पुसली होती. कडेच्या रबराच्या बारीक वळ्या झाल्या होत्या, बोटाने ओढल्या तर तुटत होत्या. त्याच टायरच्या आतल्या कडेला मात्र साच्यातून निघालेले रबराचे केस अजून शाबूत होते. २४५ मिलिमीटरचा टायर, पण वळणात कामाला लागली ती बाहेरची जेमतेम चार बोटं. बाकीच्या रबराचे पैसे भरले, वजन वाहिलं, उपयोग शून्य.

मापाचं गणित

त्या गाडीचं मूळ माप २२५/४० आर१८, रिम साडेसात इंच रुंद, ईटी ५१. त्याच रिमवर २४५/४० आर१८ चढवला होता. दुकानात चढतो, हवा भरली की बसतोही, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

२२५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. २२५/४० म्हणजे बाजूची उंची २२५ च्या ४० टक्के, ९० मिलिमीटर. १८ इंच हा रिमचा व्यास, म्हणजे ४५७.२. दोन्ही बाजू धरून एकूण व्यास ६३७ मिलिमीटर. २४५/४० आर१८ ची बाजू ९८ आणि व्यास ६५३. मधला आकडा तोच ४० राहिला म्हणून उंची तीच राहिली असं वाटतं, पण तो आकडा टक्केवारीचा आहे. रुंदी वाढली की उंचीही वाढते. इथे व्यास १६ मिलिमीटरने, म्हणजे अडीच टक्क्यांनी वाढला. लायनरला, म्हणजे मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला, घासण्याचं निम्मं कारण हेच. वर गिअरिंग अडीच टक्के लांब झालं, म्हणजे वळणातून बाहेर पडताना गाडी तेवढी मंद. आणि गाडी ८ मिलिमीटर उंच झाली, जे ट्रॅकवर कुणालाच नको असतं.

दुसरी गोष्ट रिमची. प्रत्येक टायर-मापाला रिमच्या रुंदीची मान्य मर्यादा असते आणि ती टायर कंपन्यांच्या तक्त्यात छापलेली असते. २२५/४० ला साडेसात ते नऊ इंच, २३५/४० आणि २४५/४० ला आठ ते साडेनऊ, २५५/३५ ला साडेआठ ते दहा. म्हणजे साडेसातच्या रिमवर २४५ मर्यादेबाहेरच होता. अरुंद रिमवर रुंद टायर म्हणजे अरुंद पाटावर जाड गादी. बसलं की एका बाजूला घसरणारच. टायरच्या बाजू आत ओढल्या जातात, वळणात त्या आडव्या झुकतात, नक्षीचा पट्टा बाहेरच्या कडेवर उलथतो आणि स्टेअरिंगला उत्तर उशिरा मिळतं. माझ्या मते ट्रॅकसाठी टायर त्याच्या मर्यादेच्या मधल्या किंवा वरच्या अर्ध्या रुंदीच्या रिमवर असावा. साडेआठच्या रिमवरचा २३५ साडेसातवरच्या २४५ पेक्षा जास्त चपळ आणि जास्त टिकाऊ ठरतो.

हेही लक्षात ठेवा की टायरची छापलेली रुंदी ठरावीक रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच रुंद किंवा अरुंद केली की टायरची खरी रुंदी साधारण ५ मिलिमीटरने बदलते. म्हणून अरुंद रिमवर घेतलेली 'मोठी' रुंदी काही प्रमाणात कागदावरच उरते.

१८ ठेवायचं, १९ करायचं की १७ वर यायचं?

इथे माझं मत ठाम आहे. खान्देशातून ट्रॅकवर जाणाऱ्याने, ब्रेक आत मावत असतील तर, १७ इंची रिमवर यावं.

आपल्याकडून जवळचं मोठं ठिकाण म्हणजे इंदूरजवळच्या पीथमपूरचं नॅट्रॅक्स, गाड्यांच्या चाचणीचे ट्रॅक असलेलं केंद्र. धुळ्याहून शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा करत माळव्यावर चढायचं. जळगाव-भुसावळकडून निघालं तर त्याआधी शहरातले खड्डे आणि गतिरोधक आहेतच. नोएडाजवळचं बुद्ध सर्किट, चेन्नई किंवा कोइम्बतूरला जाणाऱ्यांची वाट तर त्याहून लांब. २३५/३५ आर१९ ची बाजू ८२ मिलिमीटरची आहे. रात्री ट्रकमागून जाताना न दिसलेल्या खड्ड्यात ती रिमच्या ओठापर्यंत दबते. मग रिम वाकते नाहीतर टायरच्या बाजूला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरवर ट्रॅकवर उतरायचं नसतं, म्हणजे तिथवर जाऊन परत यायचं.

२२५/४५ आर१७ चा व्यास ६३४ मिलिमीटर, मूळच्या जवळजवळ बरोबर, आणि बाजू १०१ मिलिमीटरची. २४५/४० आर१७ चा व्यास ६२८, म्हणजे दीड टक्का कमी. गिअरिंग थोडं आखूड होतं, गाडी किंचित खाली येते आणि साडेआठच्या रिमवर तो व्यवस्थित बसतो. एकाच बनावटीची १७ ची रिम सहसा १८ पेक्षा हलकी असते, आणि रिमचं वजन जितकं बाहेर तितकं ते फिरवायला आणि थांबवायला जड. टायरही स्वस्त पडतो.

मोठी रिम म्हणजे वेगवान गाडी हा समज दिखाव्यातून आलाय. फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची चाकांवरच धावत होत्या, १८ इंची चाकं २०२२ ला आली. माझदा एमएक्स-५ ची सध्याची पिढी १९५/५० आर१६ किंवा २०५/४५ आर१७ वर येते. टोयोटाच्या ८६ ला २०१२ मध्ये २१५/४५ आर१७ दिले होते. या गाड्या वळणांसाठीच बनवलेल्या आहेत आणि त्यांच्या बनवणाऱ्यांना रुंद टायर परवडत नव्हते असं नाही. उलट पोर्शेची ९११ कॅरेरा २९५ चा टायर मागे घेऊन येते, कारण तिचं इंजिनच मागे आहे. माप गाडीच्या वजनाच्या वाटणीतून ठरतं.

१७ घेण्याआधी ब्रेकचं माप काढाच. कॅलिपरच्या (ब्रेकची डिस्क आवळणाऱ्या चिमट्याच्या) बाहेरच्या भागावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे छोटे गोळे चिकटवा, रिम चढवा, बोल्ट हाताने आवळा, चाक सावकाश एक फेरा फिरवा आणि काढा. दबलेल्या मातीची जाडी ३ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर ती रिम तुमची नाही.

ईटी आणि घासण्याचा आवाज

ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या भागाला) टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. आकडा मोठा तेवढं चाक आत. रिमच्या आतल्या बाजूला किंवा आऱ्याच्या मागे तो कोरलेला असतो.

समजा साडेसात इंची ईटी ५१ काढून साडेआठ इंची ईटी ४५ लावली. रुंदी एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर वाढली, त्यातली अर्धी प्रत्येक बाजूला १२.७. ईटी ६ ने कमी झाला म्हणून सगळं चाक ६ मिलिमीटर बाहेर आलं. म्हणजे आत शॉकअपकडे ६.७ मिलिमीटर जागा खाल्ली आणि बाहेर मडगार्डकडे १८.७. आता तुमच्या गाडीत आत आणि बाहेर किती जागा आहे ते मोजा. गाडी जॅकवर लटकलेली असताना नाही, चाकावर वजन असताना, आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांना नेऊन. आतली जागा मोजायला हाताची बोटं चालत नाहीत, पट्टी घाला.

आवाज स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर सावकाश वेगातही येत असेल तर व्यास किंवा आतली जागा कारण आहे. फक्त ट्रॅकवर, वेगात, वळणात आणि गाडी दबल्यावर येत असेल तर बाहेरची बाजू मडगार्डच्या ओठाला लागतेय, ईटी फार कमी झालाय. लायनरवरचा चकचकीत घासलेला डाग कुठे आहे ते बघितलं तर अंदाज बांधायची वेळच येत नाही.

ईटी फार खाली नेला की आणखी एक त्रास सुरू होतो, विशेषतः पुढची चाकं ओढणाऱ्या टर्बो गाड्यांत. चाकाचा मध्य स्टेअरिंगच्या वळण्याच्या अक्षापासून लांब जातो आणि ॲक्सिलरेटर दाबला की स्टेअरिंग हातातून एका बाजूला ओढतं. बेअरिंगवरचा ताणही वाढतो. रुंद रिम हवी असेल तर मूळ ईटीपासून फार लांब जाऊ नका आणि जाड स्पेसरने (हब आणि रिमच्या मधल्या चकतीने) जागा भरून काढू नका.

कॅम्बर, आणि खरं दुखणं

माप बरोबर केलं तरी बाहेरची कड खातच असेल, तर कारण बहुतेक वेळा कॅम्बर असतं. वळणात गाडी कलंडते तेव्हा बाहेरचं चाकही कलतं आणि त्याचा वरचा भाग बाहेर जातो. रस्त्यासाठीच्या बहुतेक गाड्यांना पुढे उणे एक अंशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी कॅम्बर असतो. उणे म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला. तेवढा कलण्यातच संपतो. टायर रुंद असेल तर तो कलल्यावर आतली कड आणखी वर उचलली जाते. म्हणून अपुऱ्या कॅम्बरवर रुंद टायर टाकला की दुखणं वाढतं.

ट्रॅकला पुढे उणे दोन ते उणे तीन अंश लागतात. कॅम्बर बोल्टने साधारण एक-सव्वा अंश मिळतो, शॉकअपच्या वरच्या माउंटला कॅम्बर प्लेट लावली तर त्याहून जास्त. "मग रस्त्यावर आतली कड खाईल ना?" हा प्रश्न हमखास येतो. खाईल थोडी, पण रस्त्यावर टायर कॅम्बरपेक्षा चुकलेल्या टोने (वरून पाहिलं तर चाकं पुढे आत किंवा बाहेर तोंड करतात त्याने) जास्त खातो. उणे दोन आणि टो शून्य ठेवलं तर रोजचा वापर निभतो.

अलाइनमेंट करताना पडद्यावर सगळं हिरवं आलं की काम झालं असं धरू नका. ते हिरवं कंपनीच्या रस्त्यासाठीच्या मर्यादेतलं असतं आणि त्यात डाव्या-उजव्यात अर्धा अंश फरक असला तरी चालतो. दोन्ही चाकांचे आकडे छापून मागा, चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाएवढं काहीतरी ठेवा आणि तुम्हाला कोणते आकडे हवेत ते आधी लिहून द्या.

कॅम्बर पुरला की नाही हे सुईच्या तापमापकाने कळतं. ट्रॅकवरून थेट आत आल्यावर लगेच नक्षीच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागात सुई खुपसायची. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ५ ते १० अंश गरम असेल तर ठीक. बाहेरची जास्त गरम असेल तर कॅम्बर वाढवा. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे. एक सावकाश फेरी मारून मग मोजलं तर आकडे सारखे होऊन बसतात.

नॅट्रॅक्सला गेलात तर कोणत्या ट्रॅकवर मोजताय हेही बघा. तिथल्या ११.३ किलोमीटरच्या ओव्हलची वळणं कलती आहेत, तिथे वजन टायरला खाली दाबतं आणि कडेचं दुखणं दिसतच नाही. तिथे प्रश्न वेगाचा आणि उष्णतेचा असतो. टायरवरचं वेगाचं अक्षर बघा: व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. भाराचा आकडाही, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो तो, मूळपेक्षा कमी नको. ९२ म्हणजे ६३० किलो, ९१ म्हणजे ६१५. १८ वरून १७ वर येताना हा आकडा हळूच घसरतो आणि कुणी बघत नाही.

हवा: भुसावळची दुपार आणि माळव्याची पहाट

हे आपल्याकडे विशेष घडतं. आदल्या दिवशी दुपारी ४० अंशांत, उन्हात उभ्या गाडीत हवा ३२ पीएसआय भरून निघायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे माळव्यावर १५ अंश. तापमान १० अंशांनी बदललं की हवा साधारण दीड पीएसआयने बदलते. म्हणजे सकाळी टायरमध्ये २८ च्या आसपास उरलेली असते आणि चालकाला वाटतं ३२ आहे. अशा टायरवर पहिल्याच फेरीत जोर लावला की तो लोळतो आणि कडेचं रबर जातं. उलट, ट्रॅकवर टायरमधली हवा तापली की आकडा ८-९ पीएसआयने चढतो आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून पकड जाते. सुरुवातीला दिलेल्या तक्रारीतला 'दोन फेऱ्यांनंतर गाडी सरकते' हा भाग बऱ्याचदा इथून येतो.

म्हणून थंड आकडा पाठ करून उपयोग नाही. गरम आकडा धरा. रस्त्याच्या स्पोर्ट्स टायरांना गरम असताना ३४ ते ३८ च्या दरम्यान बहुतेक गाड्या नीट चालतात. खडूची रेघ आणि सुई यांवरून तुमचा नेमका आकडा सापडतो. स्वतःचा गेज ठेवा आणि तोच वापरा, कारण पंपागणिक काटा वेगळं बोलतो. परत निघताना टायर गार झाल्यावर दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. ट्रॅकसाठी सोडलेल्या हवेवर घाट उतरायचा नाही.

चारही चाकांचा संच घेताना

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला मागे-पुढे वेगळी रुंदी नको. पुढे दुखणं आहे म्हणून मागे रुंद टायर टाकला तर मागची पकड वाढते आणि पुढचं सरकणं आणखी ठळक होतं. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत मागच्या-पुढच्या टायरांचा व्यास जुळलाच पाहिजे, नाहीतर मधली जोडणी सतत घासत राहते. एबीएस आणि स्थिरता यंत्रणाही चाकांचे वेग एकमेकांशी ताडूनच काम करतात.

जून २०२० पासून टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही, त्यामुळे आवडलेलं माप नेहमी मिळेलच असं नाही. रिम आधी घेऊन टायर नंतर शोधणारे अडकतात. आधी त्या मापात तुम्हाला हवा तो टायर देशात मिळतोय का ते पक्कं करा. आणि पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर १० मिलिमीटर रुंदीपेक्षा चांगलं रबर घ्या. त्याच मापात चांगल्या स्पोर्ट्स टायरने जेवढा फरक पडतो, तेवढा साध्या रबराच्या रुंद टायरने पडत नाही.

नंबरप्लेटच्या गाडीत कंपनीने मान्य केलेल्या मापाबाहेरचं काही लावून रस्त्यावर फिरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध जातं, विमा कंपनीही नंतर त्यावर बोट ठेवू शकते. बऱ्याच गाड्यांच्या खालच्या मॉडेलला १७ चं माप कंपनीनेच दिलेलं असतं. ते घेतलं तर हा प्रश्नच राहत नाही. नाहीतर ट्रॅकचा संच मागची सीट पाडून सोबत न्यायचा.

बाहेरून घेतलेल्या रिमच्या मधल्या भोकाचं माप तपासा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ५×११२ च्या (११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट) हबचं माप ५७.१ मिलिमीटर आहे आणि बाजारातल्या कितीतरी ५×११२ रिमचं भोक ६६.६ असतं. मध्ये रिंग बसवली नाही तर कितीही बॅलन्सिंग केलं तरी शंभरच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. रिंग ॲल्युमिनियमचीच घ्या, प्लास्टिकची ट्रॅकवर ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडते. आणि बोल्ट: या गाड्यांच्या मूळ बोल्टचं बूड गोल असतं, बाहेरच्या रिमला बहुतेक वेळा शंकूच्या आकाराचं लागतं. गोल बुडाचा बोल्ट शंकूच्या भोकात आवळला जातो, घट्टही वाटतो, पण टेकतो फक्त एका रेषेवर आणि ट्रॅकवर सैल होतो. रिमसोबत तिचेच बोल्ट घ्या, एम१४ (१४ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला १२० न्यूटन-मीटरवर टॉर्क पान्याने आवळा आणि ट्रॅकवरून पहिल्यांदा आत आल्यावर, चाक जरा निवलं की, पुन्हा एकदा पाना लावून बघा.